मिठाच्या सरबतातला बर्फ

आधीच सांगून टाकतो, माझ्या नाकावर राग असतो. आणि त्या रागाचं सगळ्यात आवडतं खाद्य म्हणजे एक शब्द. मुलं लिहितात, ‘बर्फ विरघळतो.’ अरे, विरघळते ती साखर, विरघळतं ते मीठ! विरघळायला दोघं लागतात, एक विरघळणारा आणि एक त्याला पोटात घेणारा. बर्फाला दुसरं कुणी लागत नाही. त्याला फक्त उष्णता लागते. मेण वितळतं, तूप वितळतं, तसा बर्फ वितळतो. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवताना हे वाक्य मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलं की पोरांनी माझं नाव ‘वितळे सर’ ठेवलं. बोर्डीत येऊन सावे सरांचं घर विचारलंत तर लोक ‘कुठले सावे?’ म्हणतील. वितळे सर म्हणालात तर थेट फाटकापर्यंत आणून सोडतील.

घरातही तेच. माझी बायको सुषमा मुद्दाम म्हणते, “अहो, आइस्क्रीम विरघळतंय, खाऊन घ्या.” मी तोंड उघडतो, तोवर तिचं पुढचं तयार असतं, “विरघळो नाहीतर वितळो, जायचं पोटातच आहे ना?”

तर गेल्या फेब्रुवारीत दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मी बाहेरचा परीक्षक म्हणून चारोटीजवळच्या एका शाळेत गेलो होतो. निवृत्तीच्या आधीची माझी शेवटची परीक्षा. तिथल्या विज्ञान शिक्षिका संगिता मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण कामाला चोख. सकाळी शाळेची मुलं झाली. दुपारी उरले ते सतरा नंबरचा फॉर्म भरलेले, म्हणजे शाळेत न येता बाहेरून परीक्षेला बसणारे. त्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक बाई उभी होती. पस्तिशीची असेल. धुतलेली सुती साडी, अंबाड्यात अबोली, आणि बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर पाण्यात हात असणाऱ्यांची असतात तशी.

हॉल तिकिटावर नाव होतं कमळी लडक्या वरठा.

“सर, हिची तिसरी वेळ,” संगिता मॅडम माझ्या कानाशी लागल्या. “बाकीचे सगळे विषय सुटलेत, विज्ञानात राहते. नाक्यावर सरबताची गाडी आहे तिची. यंदा पास झाली तर आयटीआयला जायचंय, फ्रीज-एसीच्या कोर्सला.”

“या वयात?”

“वयाची अट नाही तिथे. दहावी पास पाहिजे, विज्ञानासकट.”

मला खरं वाटेना. मी तिलाच विचारलं, “फ्रीज-एसीच्या कोर्सला जाऊन तू काय करणार?”

तिला प्रश्नाचं नवल वाटलं नाही. बहुधा सगळेच विचारत असावेत. “सर, नाक्यावर कोणाचा पण फ्रीज बंद पडला की मेकॅनिक येतो वापीहून, चार दिवसांनी. तवर सगळं नासतं. आणि आला की आमच्याकडं पाठ करून बसतो, आतलं बघून देत नाय. मला बघायचंय आत काय हाय ते. मंग मीच करीन.”

उत्तर मला आवडलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. परीक्षकानं चेहऱ्यावर काही दाखवू नये असा माझा नियम आहे.

तिच्या चिठ्ठीत प्रयोग निघाला बर्फाचाच. पाण्यात बर्फ घालायचा, ढवळत राहायचं, दर मिनिटाला तापमान लिहायचं आणि आलेख काढायचा. आलेखात पारा उतरत उतरत शून्यावर येतो आणि बर्फाचा शेवटचा कण संपेपर्यंत तिथेच बसून राहतो. पाण्यातली उष्णता बर्फ घेतो, पण ती त्याच्या वितळण्यातच खर्च होते, पाऱ्यावर दिसत नाही. पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. मुलं ही आडवी रेघ पाठ करतात. प्रयोगात नाही आली तरी खोडून आडवीच काढतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

कमळीची पट्टी वाकडी धरली जात होती, पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. हात ग्लासाला वळणारा होता, पेनाला नाही. पण एक गोष्ट मी पाहिली आणि खुर्चीत सरसावून बसलो. ती थर्मामीटरकडे बघायच्या आधी काचेच्या भांड्याला बाहेरून बोट लावायची, आकडा पुटपुटायची आणि मग पारा बघायची. आठ. पाच. दोन. एखाद्या अंशाची चूक व्हायची, त्याहून जास्त नाही.

“आला शून्यावर,” ती म्हणाली. पारा शून्यावर होता. “आता शेवटचा खडा जाईपर्यंत हलायचा नाय.”

“हे पुस्तकात वाचलंस?”

“पुस्तकात नंतर वाचलं. बोटाला आधीच म्हाईत होतं.”

एकतीस वर्षांत ही आडवी रेघ बोटानं ओळखणारं माणूस मला भेटलं नव्हतं. मला स्वतःला ती ओळखता येत नाही. मी मनातल्या मनात टोपी काढली, आणि तोंडी परीक्षेचा प्रश्न जरा वरचा काढला. अशा माणसाला सोपा प्रश्न विचारणं म्हणजे अपमानच.

“समज, सरबत आधीच थंड आहे. माठातल्या पाण्याचं. त्यात बर्फ टाकला. सरबत थंड, बर्फही थंड. मग बर्फ टिकत का नाही?”

ती हसली. “सर, थंड कोणाला? माठातलं पाणी आपल्याला थंड. बरफाला ते ऊनच.”

संगिता मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं, कारण माझ्या चेहऱ्याचा नियम मोडायच्या बेतात होता. अख्खा धडा तीन शब्दांत. बरफाला ते ऊनच! थंड ही काही वस्तूच्या अंगची गोष्ट नव्हे, कुणापेक्षा थंड ते महत्त्वाचं, हे पटवताना माझा एक तास जातो आणि तरी मागच्या बाकावरची पोरं जांभया देतात.

“पुढे,” मी म्हणालो.

“मंग बरफ त्या सरबतातलं ऊन खातो. खाता खाता विरघळतो. आणि सरबताचं ऊन गेलं म्हणून सरबत गार. बरफ टिकला तर सरबत गार होणारच नाय. त्यानं विरघळायलाच पाहिजे.”

विरघळतो! एवढ्या सुंदर उत्तरात तो शब्द दोनदा. दुधाच्या पातेल्यात माशी. माझा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला आणि तोंडीच्या पाचपैकी दोन गुण मी कापले. तिनं ते पाहिलं. विज्ञानात दोनदा काठावरून घसरलेल्या बाईला दोन गुण म्हणजे काय, हे मला कळत होतं. पण चूक ती चूक.

“सर, काय चुकलं?”

“शब्द. बर्फ विरघळत नाही, वितळतो.” आणि मी माझं एकतीस वर्षांचं वाक्य ऐकवलं. विरघळायला दोघं लागतात, वितळायला एकटा पुरतो.

ती ऐकत राहिली. मान हलवली. मला वाटलं, झालं. पण ती उठली नाही.

“दोघं लागतात ना? मंग मिठाच्या सरबतात दोघं असतात, सर.”

“म्हणजे?”

“इथं मीठ हाय काय? तोंडानं सांगताना मी चुकते. करून दाखवते.”

परीक्षेत उमेदवारानं परीक्षकाला प्रयोग करून दाखवायची पद्धत नाही. मी तसं म्हणणारच होतो, पण संगिता मॅडम कपाटाकडे निघाल्याही होत्या. त्यांनी मिठाची बरणी आणली. रांगेत कमळीच्या मागे कुणी नव्हतं. घड्याळात वेळ होता. आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

तिनं दोन भांडी घेतली. दोन्हींत सारखं पाणी, सारखाच बर्फाचा चुरा. एकात काही नाही. दुसऱ्यात दोन चमचे मीठ घालून ती ढवळू लागली. दोन्हींत थर्मामीटर सोडले.

साध्या भांड्यात पारा शून्यावर येऊन बसला. मिठाच्या भांड्यात तो शून्यावर आला आणि थांबला नाही. उणे एक. उणे दोन. बर्फ मात्र साध्या भांड्यापेक्षा भराभर संपत होता.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. कुल्फीवाला बर्फात मीठ का घालतो हा धडा मीच शिकवतो. पण ते प्रकरण वेगळं आणि वितळण्याचं प्रकरण वेगळं, मधे सहामाही परीक्षा येते. दोन्ही प्रकरणं एकाच ग्लासात ठेवून मी कधी पाहिली नव्हती. तिच्या गाडीवर ती रोज एकाच ग्लासात असतात.

“किती झाले, सर?”

“उणे तीन.”

“बरफ वितळतो कितीवर?”

“शून्यावर.”

“मंग इथं शून्य कुठं हाय?” तिनं भांडं माझ्याकडे सरकवलं. आवाजात उर्मटपणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. “वितळायला शून्य लागतं म्हणता. इथं तर शून्याच्या खाली गेलं. तरी बरफ चाललाय. ऊन लागून चाललाय असं म्हणायचं तर सरबत आणखीन गार का होतंय? मला तर असं वाटतं, मिठाचं पाणी त्याला ओढून घेतं पोटात. साखरेला घेतं तसं. त्याला आमी विरघळतो म्हणतो.”

मी भांड्याकडे पाहत राहिलो. काचेवर बाहेरून जमलेला ओलावा गोठून पांढरा झाला होता.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. दरवर्षी मी मुलांसमोर पाण्यात नवसागर टाकतो. नवसागर पाण्यात जातो आणि भांडं गार पडतं. मुलांच्या हाताला लावून दाखवतो. त्या क्रियेला मी काय म्हणतो? विरघळणं. विरघळताना त्यानं पाण्यातलीच उष्णता ओढली म्हणून पाणी गार झालं, असं समजावतो. समोरच्या भांड्यात बर्फ नेमकं तेच करत होता. मिठाच्या पाण्यात जात होता, जाताना त्या पाण्यातलीच उष्णता ओढत होता, आणि पाणी गार पडत होतं. नवसागराला एक शब्द आणि बर्फाला दुसरा, याला माझ्याकडे कारण नव्हतं. होती ती फक्त सवय.

साध्या पाण्यात मी बरोबर होतो. मिठाच्या सरबतात ती बरोबर होती. आणि ती साधं पाणी विकत नाही.

मी चिडखोर आहे, पण आंधळा नाही. मी लाल पेन उचललं, कापलेले दोन गुण परत दिले आणि बाजूला सही केली. पाचपैकी पाच. सहा देता येत असते तर सहा दिले असते. एकतीस वर्षांत मी माझीच रेघ खोडल्याची ही पहिली वेळ. माझा चेहरा काय करत होता कोण जाणे, संगिता मॅडम तोंडाला रुमाल लावून खिडकीबाहेर बघत होत्या.

“कमळीताई,” मी म्हणालो, “तुम्ही मला आज शिकवलंत.”

ती संकोचली. सामान जागच्या जागी ठेवलं, भांडी विसळली, टेबल पुसलं. एवढं दिवसभरात एकाही मुलानं केलं नव्हतं. दारापर्यंत गेली आणि परत आली.

“सर, पुढच्या महिन्यात पेपर हाय. तो तुमीच तपासणार काय?”

“नाही. पेपर कुठे जातात ते कुणालाच माहीत नसतं.”

“मंग त्यात बरफाचा प्रश्न आला तर कोणता शब्द लिवू?”

पेपर तपासणारा कोण असेल ते मला दिसत होतं. तो असेल कुठल्यातरी गावचा वितळे सर. समोर गठ्ठा, हातात लाल पेन, आणि ‘विरघळतो’ दिसला की मागचंपुढचं न वाचता रेघ. तिचं भांडं त्याच्यासमोर नसेल. तिचं बोट नसेल. असेल तो फक्त वाकड्या अक्षरातला एक शब्द, आणि हिच्या आयटीआयची वाट त्या एका शब्दाशी बंद.

“वितळतो लिहा,” मी म्हणालो. “डोळे मिटून वितळतो लिहा. गुण जायला नकोत.”

तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. “बरं, सर,” म्हणाली आणि गेली. गाडी लावायची वेळ झाली होती.

घरी आलो आणि समोरचा चहा तसाच निवू दिला. सुषमानं विचारलं, बरं नाही का? मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाई हुशार आहे. तुम्ही बरोबरच सांगितलंत, आधी पास तर होऊ दे.” पण मला ते लागत राहिलं. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, समजलंय ते लिहा, पाठ केलेलं लिहू नका. आणि ज्या एका माणसाला खरोखर समजलं होतं, त्याला मीच सांगून बसलो की तुझं समजलेलं बाजूला ठेव. मार्च गेला, एप्रिल गेला, मी निवृत्त झालो, वाडीतल्या चिकूंकडे बघायला लागलो. तरी ‘बरं, सर’ काही कानातून जाईना.

निकाल लागला त्या आठवड्यात राहवलं नाही. डहाणूला काम आहे असं घरी सांगून एसटीनं निघालो आणि डहाणूत न थांबता पुढे चारोटीला गेलो. सुषमाला खोटं कळलं होतं. निघताना ती म्हणाली, “पास झाली असेल तर माझ्याकडूनही सांगा.”

नाक्यावर हायवेच्या कडेला तिची गाडी होती. भर दुपार, गिऱ्हाइकांची दाटी. तिला दिसेन असा उभा न राहता मी जरा बाजूला थांबलो आणि बघत राहिलो. गोणपाटात भाताचा तूस, तुसात बर्फाची लादी. प्रत्येकाला ती सारखा बर्फ देत नव्हती. “बेन, जल्दी,” म्हणत गुजराती ट्रकवाला आला, त्याच्या ग्लासात बारीक चुरा. चुरा पटकन जातो, सरबत लगेच गार होतं, माणूस दोन घोटांत पिऊन निघतो. बाकावर पोरांना घेऊन बसलेल्या बाईला मोठा खडा. तो सावकाश जातो, शेवटच्या घोटापर्यंत पुरतो, आणि सरबत पाणचट व्हायच्या आत पोरांचं पिऊन होतं. गिऱ्हाईक किती वेळ थांबणार हे ती त्याच्या पायांकडे बघून ठरवत होती. मी तिथे उभा राहून अर्धा तास काढला आणि मला कंटाळा आला नाही. इतकं चांगलं काम करताना मी फार थोड्या माणसांना पाहिलंय, आणि त्या थोड्यांत मी नाही.

गर्दी सरली तशी तिनं मला पाहिलं. हात पदराला पुसत पुढे आली.

“सर! तुमी इथं? बसा, बसा. झाले पास.”

“किती पडले?”

“विज्ञानात पस्तीस. बरोब्बर पस्तीस.” ती हसत होती. “एक कमी पडला असता तर गेले होते. आयटीआयचा फॉर्म कालच भरला.”

मला फार आनंद झाला. तो मी लपवला नाही, आता कसला परीक्षक! सुषमाचा निरोप सांगितला. पण ज्यासाठी आलो होतो ते अजून आत अडकलं होतं.

“पेपरात बर्फाचा प्रश्न आला होता?”

“आलावता ना. दोन मार्कांचा.”

“काय लिहिलंत?”

“वितळतो.”

मी मान खाली घातली. “मी तुम्हाला चुकीचं लिहायला लावलं, कमळीताई. हे सांगायलाच आलो. माफ करा.”

तिला काही कळेना. लिंबू हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग लक्षात आल्यावर जोरात मान हलवली.

“नाय, नाय! चुकीचं कुठं? प्रश्नात नुसतं पाणी होतं, सर. ग्लासभर थंड पाणी. नुसत्या पाण्यात तुमचाच शब्द बरोबर. मी दोनदा वाचला प्रश्न, मीठ हाय काय बघायला. नव्हतं, म्हणून वितळतो लिवलं.”

मी डोळे मिटून लिहायला सांगितलं होतं. तिनं डोळे उघडे ठेवून दोनदा वाचलं होतं.

“आणि मीठ असतं तर?” मी विचारलं.

“तर विरघळतो लिवलं असतं.”

“ते दोन मार्क गेले असते. पस्तीसचे तेहतीस झाले असते. पुन्हा नापास.”

“मंग परत बसले असते,” ती म्हणाली आणि लिंबू कापायला घेतलं. “रोज त्याच्यावर आमचं पोट चालतं, सर. त्याच्याबद्दल खोटं कसं लिवायचं?”